पोकलेनचा सेल्फ आणि स्विंग: बिघाड नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

सकाळी पोकलेन सेल्फ घेत नाही, किंवा इंजिन सुरू होते पण वरचे धड फिरत नाही, या दोन तक्रारी खाणीवर, रस्त्याच्या कामावर आणि शेततळ्यांच्या खोदाईवर नेहमी ऐकू येतात. एक तक्रार विजेची आहे आणि दुसरी तेलाची, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध नसावा असे वाटते. तरीही त्या एकत्र समजून घेणे फायद्याचे आहे, कारण दोन्ही यंत्रणांची घडण सारखीच आहे. दोन्हींमध्ये एक हलका आदेश असतो, तो मोठ्या शक्तीला वाट मोकळी करून देतो आणि ती शक्ती शेवटी लहान पिनियनमार्फत मोठे दातेरी चक्र फिरवते. सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरमध्ये, चावी आणि रिले (विजेने चालणारा स्विच) आदेश देतात, बॅटरी शक्ती पुरवते आणि पिनियन फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला फिरवतो. स्विंगमध्ये, म्हणजे वरचे धड फिरवण्यात, जॉयस्टिकमधून निघालेले पायलट तेल (आदेश वाहणारे कमी दाबाचे तेल) आदेश देते, मुख्य पंप शक्ती पुरवतो आणि स्विंग गिअरबॉक्सचा पिनियन स्विंग सर्कलच्या दात्यांवर चालतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवायचे असते: आदेश पोहोचत नाही, शक्ती पोहोचत नाही, की दोन्ही पोहोचूनही यांत्रिक भाग अडला आहे?

पुढील मांडणी टाटा हिताची ईएक्स २०० किंवा कोमात्सु पीसी २०० अशा वीस टन वर्गातल्या, २४ व्होल्टच्या यंत्रांना धरून केली आहे. दिलेले आकडे या वर्गासाठी सर्वसाधारण आहेत. आपल्या मॉडेलच्या शॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल, तर तोच अंतिम मानावा.

काम सुरू करण्यापूर्वी

यंत्र सपाट जागी उभे करावे, बकेट जमिनीवर टेकवावी, सेफ्टी लॉक लिव्हर (जॉयस्टिकचे काम बंद करणारा केबिनमधला दांडा) लॉकमध्ये ठेवावा आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. वरचे धड फिरते तेव्हा काउंटरवेट आणि ट्रॅक यांच्यामधली जागा सर्वांत धोक्याची असते. स्विंगची चाचणी चालू असताना त्या घेऱ्यात कोणीही उभे राहता कामा नये, आणि ऑपरेटर व मेकॅनिक यांच्यात हाताच्या खुणा आधीच ठरलेल्या असाव्यात. बॅटरी सोडवताना ऋण टोक प्रथम काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी लावावे. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको. हायड्रॉलिक लाइन उघडण्याआधी इंजिन बंद करून, चावी ऑनवर ठेवून आणि लॉक लिव्हर मोकळा करून दोन्ही जॉयस्टिक चारही दिशांना अनेकदा हलवाव्यात, म्हणजे अॅक्युम्युलेटरमधला साठलेला दाब उतरतो. त्यानंतर हायड्रॉलिक टाकीच्या ब्रीदरमधून (हवेच्या झडपेतून) टाकीतला दाबही सोडावा. होजमधली गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी त्या माणसाला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.

आणखी एक सवय सोडायलाच हवी, ती म्हणजे सेल्फच्या दोन टर्मिनलांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून इंजिन सुरू करण्याची. तसे केल्याने लॉक लिव्हरचे संरक्षण पूर्ण टळते आणि केबिनमध्ये कोणी नसताना यंत्र हलू शकते. शिवाय त्यातून बिघाडाचे निदानही होत नाही.

सेल्फ: आधी ऐकावे, मग मोजावे

चावी फिरवल्यावर काय ऐकू येते यावरून अर्धे निदान होते. काहीच आवाज नाही, तर आदेशाच्या वाटेवर शंका घ्यावी. टक-टक-टक असा जलद आवाज येत असेल, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच) ओढला जातो, पण भार पडताच व्होल्टेज कोसळते आणि तो सुटतो, म्हणजे बॅटरी किंवा तिची जोडणी कमकुवत आहे. एकच जोरदार ‘टक’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळलेले असतात, मोटरचे कार्बन झिजलेले असतात किंवा इंजिनच अडलेले असते. मोटर घरघरत मोकळी फिरली आणि इंजिन हलले नाही, तर बेंडिक्सचा (पिनियन रिंग गिअरमध्ये ढकलणाऱ्या भागाचा) एकदिश क्लच घसरतो आहे. दात घासल्याचा कर्कश आवाज आला, तर पिनियन आणि रिंग गिअरचे दात पाहिल्याशिवाय पुन्हा चावी मारू नये. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नसेल, तर दोष सेल्फचा नाहीच. डिझेल फिल्टर, पाणी विलगक, इंधनात शिरलेली हवा किंवा स्टॉप सोलेनॉइड यांकडे वळावे.

मीटर हाताशी नसेल, तर कामाचे दिवे लावून चावी फिरवावी. दिवे जराही मंदावले नाहीत, तर सेल्फपर्यंत आदेश गेलेलाच नाही. दिवे पूर्ण विझले, तर बॅटरी किंवा एखादा जोड निकामी आहे. दिवे खूप मंदावले आणि इंजिन मात्र हलले नाही, तर प्रवाह भरपूर वाहतो आहे आणि अडचण मोटरमध्ये किंवा इंजिनमध्ये आहे.

त्यानंतर मल्टीमीटर. यंत्र काही तास उभे राहिल्यानंतर प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजावे. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी आधी चार्ज केल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी अर्थपूर्ण ठरत नाही. दोन्हींची बेरीज २४.८ येते म्हणून समाधान मानू नये, कारण एक १२.७ आणि दुसरी १२.१ असली तरी बेरीज तेवढीच येते आणि एका ओळीत जोडलेल्या जोडीत दुबळी बॅटरी दुसरीलाही निकामी ठरवते. आपल्याकडे या असमतोलाचे एक नेहमीचे कारण आहे. गाण्यांचा प्लेअर किंवा मोबाइलचा चार्जर चालवण्यासाठी ऑपरेटर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढतो. मग ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, आणि अल्टरनेटर मात्र दोन्हींना एकत्रच चार्ज करतो. अशी वायर दिसली, तर ती काढून तिथे २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा. बॅटरी बदलण्याची वेळ आलीच, तर एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या दोन्ही एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी लावून वाचवलेले पैसे फार दिवस वाचत नाहीत.

पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि खरे निदान तिथेच होते. मीटरची टोके बॅटरीच्या प्रत्यक्ष शिशाच्या खांबांवर ठेवून, क्लॅम्पवर नव्हे, सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगावे. सेल्फ इंजिन फिरवत असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून १९ व्होल्टांपेक्षा कमी दिसू नये. बॅटरी ही चाचणी पार करते आणि तरीही इंजिन रखडत फिरते, तर वाटेतली घट मोजावी. एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर धरून चावी फिरवली, की मीटर त्या संपूर्ण वाटेत वाया जाणारे व्होल्टेज थेट दाखवतो. ते १ व्होल्टाच्या आत असावे. तसेच एक टोक ऋण खांबावर आणि दुसरे सेल्फच्या बॉडीवर धरावे. इथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक घट दिसली, तर अर्थिंग खराब आहे. घट जास्त आली, तर मीटरचे टोक एकेका जोडावर पुढे सरकवत जावे: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, बॅटरी रिलेचे (चावी ऑन करताच बॅटरीची मुख्य वाट जोडणाऱ्या रिलेचे) एक टोक ते दुसरे टोक. जिथे आकडा उडी घेतो तिथेच दोष असतो. ही मोजणी भार चालू असतानाच करायची असते. स्थिर अवस्थेत गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि त्या भुलाव्यामुळेच चांगले सेल्फ खोलले जातात.

अर्थिंगबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे चेसिस आणि इंजिन यांना जोडणारी जाड पट्टी हीच परतीच्या प्रवाहाची एकमेव खरी वाट असते. इंजिनचे काम झाल्यावर ही पट्टी रंगावर किंवा गंजावर तशीच कसली गेली, की सेल्फ अशक्त वाटू लागतो. पट्टी काढून दोन्ही बाजूंचा धातू चमकेपर्यंत घासून बसवण्याला फारसा वेळ लागत नाही, आणि नव्या सेल्फच्या किमतीपुढे त्याचा खर्च शून्य आहे.

काहीच आवाज नसेल, तर आदेशाच्या वाटेने मागे जावे. सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर मीटर लावून चावी ‘स्टार्ट’वर धरावी. तिथे बॅटरीइतके व्होल्टेज येत असूनही सोलेनॉइड हलत नसेल, तर सेल्फ काढायला हरकत नाही. आदेश तिथपर्यंत पोहोचला आहे. व्होल्टेज येत नसेल, तर सेल्फला हात लावू नये. चावी ऑन करताच बॅटरी रिलेचा ‘ठक’ आवाज येतो का, मुख्य फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक शाबूत आहे का, चावीच्या स्टार्ट टर्मिनलवर व्होल्टेज निघते का, आणि लॉक लिव्हरचा स्विच काम करतो का, या क्रमाने पाहावे. अनेक यंत्रांत लॉक लिव्हर लॉकमध्ये असल्याशिवाय सेल्फला आदेश जातच नाही. लिव्हर लॉकमध्ये दिसतो, पण त्याचा लिमिट स्विच धुळीने किंवा वाकलेल्या पट्टीमुळे दबलेला नसतो. लिव्हर दोन-तीनदा वरखाली केल्यावर यंत्र सुरू झाले, तर दोष सापडलाच म्हणायचा. पण स्विच साफ करून नीट बसवावा, दोन वायरी एकत्र पिळून ‘कायमचा इलाज’ करू नये. बऱ्याच यंत्रांत सेल्फसाठी एक सुरक्षा रिले असतो. इंजिन चालू असताना चुकून चावी फिरली, तर तो अल्टरनेटरकडून आलेल्या संकेतावरून सेल्फला रोखतो. अल्टरनेटरमधला दोष इंजिन बंद असतानाही तो संकेत देत राहिला, तर रिले सेल्फला अडवून धरतो, आणि हे लक्षात न आल्याने चावीपासून सेल्फपर्यंतचे सगळे सुटे भाग बदलले जातात.

शक्ती आणि आदेश दोन्ही पोहोचत असूनही इंजिन हलत नसेल, तर चावी पुन्हा पुन्हा मारणे थांबवावे. क्रँकच्या पुलीवर पाना किंवा बार लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. पोकलेनचा मुख्य पंप इंजिनला कायमचा जोडलेला असतो, मधे क्लच नसतो. म्हणून पंप आतून जाम झाला, तरी ‘इंजिन जाम’ अशीच तक्रार येते. पंप वेगळा करून पुन्हा पाहिल्याखेरीज इंजिनला दोषी ठरवू नये. याच कारणामुळे नाशिक-धुळ्याकडच्या थंडीच्या पहाटे, किंवा हायड्रॉलिक टाकीत शिफारशीपेक्षा जाड ऑइल भरलेले असेल तर, चांगला सेल्फही जड चालतो. कोकणात पावसाळ्यात आणखी एक प्रसंग येतो. सायलेन्सरची टोपी पडलेली असते, यंत्र काही दिवस उभे राहते आणि एक्झॉस्टच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये उतरते. अशा वेळी सेल्फ अर्धा फेरा घेऊन एकदम थडकून थांबतो. तरीही जोर केला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर काढावे. इंधन किंवा कूलंट आले, तर कारण वेगळे आहे आणि ते शोधावे लागेल.

सेल्फ सलग १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, आणि पुढच्या प्रयत्नाआधी निदान दोन मिनिटे थांबावे. यंत्र सुरू झाल्यावर बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. नाही दिसले, तर उद्या सकाळी हीच तक्रार परत येणार आहे.

स्विंग: आणखी काय काय थांबले आहे?

स्विंगच्या तक्रारीत पहिली चाचणी अवजाराशिवायच होते. बूम, आर्म, बकेट आणि दोन्ही बाजूंची ट्रॅव्हल (ट्रॅकवरची चाल) एकेक करून चालवावी. काहीच चालत नसेल, तर बिघाड स्विंगचा नाही. लॉक लिव्हरचा सोलेनॉइड, पायलट पंप किंवा पायलट फिल्टर यांकडे पाहावे. पायलट दाब सामान्यतः ३० ते ४० बार असायला हवा. ज्या यंत्रांत दोन पंपांचे प्रवाह वेगळे ठेवलेले असतात, तिथे स्विंगबरोबर आर्मही मंद झाला असेल किंवा सरळ चालताना यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूच्या पंपावर संशय घ्यावा. फक्त स्विंग बिघडला असेल आणि बाकी सर्व चोख असेल, तर पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

एका गैरसमजाचा खर्च फार मोठा होतो. स्विंग बिघडला म्हणजे सेंटर जॉइंटचे सील गेले, असे कामावर हमखास सांगितले जाते. सेंटर जॉइंट वरच्या धडातले तेल खालच्या ट्रॅव्हल मोटरांकडे नेतो. स्विंग मोटर वरच्याच धडावर बसलेली असते आणि तिचे तेल सेंटर जॉइंटमधून जातच नाही. त्यामुळे स्विंगसाठी सेंटर जॉइंट खोलणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी पाण्यात.

पुढचा प्रश्न: दोन्ही दिशांना बिघाड आहे की एकाच? एका दिशेला यंत्र चांगले फिरते आणि दुसऱ्या दिशेला रखडते, तर मोटरचे पिस्टन, गिअरबॉक्स, पार्किंग ब्रेक आणि पंप हे सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर पडतात, कारण ते दोन्ही दिशांना समान असतात. उरतात त्या बाजूची पायलट लाइन, मुख्य वाल्व्हमधला स्पूल (तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) आणि मोटरवरचा त्या बाजूचा रिलीफ वाल्व्ह (दाब मर्यादेपर्यंत गेला की उघडणारी झडप). आता दाबमापक लावून पायलट लाइन मोजावी. दोन्ही बाजूंना सारखा दाब येत असेल, तर जॉयस्टिकचा वाल्व्ह निर्दोष. मग मोटरवरचे दोन रिलीफ वाल्व्ह एकमेकांच्या जागी बसवावेत. तक्रार डावीकडून उजवीकडे सरकली, तर दोष वाल्व्हमध्येच आहे. तक्रारीने जागा बदलली नाही, तर स्पूलकडे वळावे. पायलट होज अदलाबदल करूनही हीच परीक्षा घेता येते, मात्र त्या वेळी जॉयस्टिक उलट काम करते, हे ऑपरेटरला आधी सांगितले नाही तर अपघात ठरलेला. अदलाबदलीची ही पद्धत कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा विश्वासार्ह आहे, फक्त स्वच्छता पाळावी लागते: उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावाव्यात, चिंध्यांचे धागे आत जाऊ देऊ नयेत.

दोन्ही दिशांना यंत्र अजिबात फिरत नसेल, तर पार्किंग ब्रेक आधी तपासावा. हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, म्हणजे दाब आला नाही तर तो लागलेलाच राहतो. काही यंत्रांत तो सोडण्याचे काम विजेचा सोलेनॉइड करतो, तर काहींत जॉयस्टिकचे पायलट तेल थेट करते. पहिल्या प्रकारात केबिनमधला स्विंग लॉक स्विच चुकून ऑन आहे का, सोलेनॉइडचा फ्यूज शाबूत आहे का, आणि जॉयस्टिक हलवताच सोलेनॉइडवर २४ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येते का, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात संकेत वाहून नेणारी बारीक लाइन किंवा शटल वाल्व्ह (दोन लाइनींतला जास्त दाब पुढे नेणारी झडप) तपासावा. दोन्ही प्रकारांत निर्णायक मोजणी एकच आहे: ब्रेक सोडण्याच्या पोर्टवर टी जोडून दाबमापक लावावा. जॉयस्टिक हलवताच तिथे जवळजवळ पूर्ण पायलट दाब आला आणि तरी धड हलले नाही, तर आदेश पोहोचला आहे आणि अडचण मोटरमध्ये, गिअरबॉक्समध्ये किंवा ब्रेकच्या पिस्टनमध्ये आहे. दाब अर्धवटच आला, तर ब्रेक अर्धवट सुटतो; मग यंत्र फिरते, पण जड फिरते, मोटरचे आवरण तापते आणि घर्षण पट्ट्या जळू लागतात. सोलेनॉइड असलेल्या काही मॉडेलांत आणीबाणीसाठी ब्रेक सोडण्याचा वेगळा स्विच असतो. तो वापरल्यावर स्विंग चालला, तर दोष नेहमीच्या विद्युत वाटेत आहे. मात्र तो स्विच चालू ठेवून उतारावर काम करू नये, कारण मग धड अडवून धरणारे काहीच उरत नाही.

स्विंग मंद असेल, तर ‘मंद’ या शब्दावर विसंबू नये, घड्याळ लावावे. हायड्रॉलिक ऑइल ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला आणावे, इंजिन पूर्ण वेगावर ठेवावे, सपाट जागी बकेट रिकामी असताना एक फेरी गती घेण्यासाठी सोडून पुढच्या तीन फेऱ्यांचा वेळ घ्यावा. या वर्गातली यंत्रे मिनिटाला साधारण ११ ते १३ फेऱ्या घेतात, म्हणजे तीन फेऱ्यांना १४ ते १६ सेकंद. दोन्ही दिशांचे आकडे लिहून ठेवावेत. फिरण्याचा वेग चांगला, पण सुरुवात करताना किंवा चढाच्या बाजूला भरलेली बकेट नेताना दम लागतो, अशी तक्रार असेल, तर प्रवाह ठीक आहे आणि दाब कमी आहे. त्यासाठी स्विंगचा रिलीफ दाब मोजावा. ज्या यंत्रांत स्विंग लॉक आहे, तिथे तो लावून, आणि जिथे नाही तिथे बकेटची बाजू चराच्या पक्क्या भिंतीला टेकवून, जॉयस्टिक पूर्ण ओढली की रिलीफ उघडतो. हा दाब मुख्य रिलीफपेक्षा कमी असतो, बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० बारच्या दरम्यान. तो कमी आला म्हणून लगेच स्क्रू कसू नये. रिलीफ कशामुळे खाली आला ते न पाहता कसलेला स्क्रू गिअरबॉक्सचे दात आणि पिनियनचा शाफ्ट तोडतो, आणि ‘ताकद वाढवून देतो’ म्हणणारा मिस्त्री तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

दाब आणि पायलट दोन्ही बरोबर असूनही स्विंग मंद असेल, तर मोटरची आतली गळती मोजावी. केस ड्रेनची (मोटरच्या आवरणात झिरपलेले तेल टाकीत नेणारी) होज सोडून टाकीकडचे तोंड बंद करावे आणि मोटरकडून येणारे तेल मापाच्या भांड्यात घ्यावे. धड अडवलेल्या स्थितीत रिलीफ उघडा ठेवून सुमारे अर्धा मिनिट स्थिर झाल्यावर एक मिनिटाचे तेल मोजावे, आणि धड १८० अंशांत फिरवून पुन्हा मोजावे. आलेला आकडा मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहावा. केस ड्रेनची होज कधीही बंद ठेवून मोटर चालवू नये, कारण आवरणात दाब साठून शाफ्टचे सील बाहेर फेकले जाते.

उतारावर घसरणे आणि थांबताना पुढे जाणे या दोन तक्रारी ऑपरेटर एकत्रच सांगतो, पण त्या वेगळ्या आहेत. जॉयस्टिक सोडल्यावर धडाला थांबवण्याचे काम मोटरवरचे रिलीफ वाल्व्ह करतात. पार्किंग ब्रेक अनेक यंत्रांत जॉयस्टिक मधोमध आल्यावर चार-पाच सेकंदांनी लागतो आणि थांबलेल्या धडाला फक्त धरून ठेवतो. म्हणून थांबताना धड फार पुढे जात असेल, तर रिलीफ किंवा मेक-अप वाल्व्ह (मोटरमध्ये कमी पडलेले तेल भरून देणारी झडप) पाहावा. उभे राहिल्यानंतर धड हळूहळू खाली सरकत असेल, तर ब्रेक पाहावा. त्याची परीक्षा अशी: सुमारे १५ अंशांच्या उतारावर बूम उताराला आडवा ठेवून इंजिन बंद करावे, वरच्या आणि खालच्या भागावर खडूने एक सरळ रेघ मारावी आणि पाच मिनिटे थांबावे. ब्रेक चांगला असेल, तर रेघ तुटत नाही. जांभ्याच्या खाणीत किंवा घाटाच्या कामावर चालणाऱ्या यंत्रासाठी ही परीक्षा अधूनमधून करावी. थांबल्यावर धड एकदा उलट हिसका घेत असेल, तर मोटरवरचा प्रतिगती रोखणारा वाल्व्ह अडकलेला असण्याची शक्यता आहे.

आवाज आणि गिअरबॉक्स

गिअरबॉक्सची ऑइल मोजण्याची दांडी काढून ऑइल पाहणे हे स्विंगच्या निदानातले सर्वांत स्वस्त काम आहे, आणि तेच सर्वांत कमी केले जाते. ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइल पातळ वाटत असेल, तर स्विंग मोटरच्या शाफ्टचे सील गळते आहे आणि हायड्रॉलिक ऑइल खाली उतरते आहे. पातळी उतरली असेल, तर खालचे सील गेले आहे आणि गिअर ऑइल सर्कलच्या ग्रीसमध्ये मिसळते आहे. तिथले ग्रीस मग पातळ झालेले दिसते. चुंबकाला बारीक करडी पूड लागणे ही सामान्य झीज आहे, पण चमकणारे कण किंवा तुकडे निघाले, तर यंत्र चालवू नये.

फिरायला लागताना आणि थांबताना ‘खडक’ असा आवाज येत असेल, तर पिनियन आणि सर्कल यांच्यातली फट, गिअरबॉक्सचे बोल्ट आणि स्विंग बेअरिंगचे बोल्ट तपासावेत. बेअरिंगचा एखादा बोल्ट तुटलेला किंवा ढिला सापडला, तर तो एकटाच कसून पुढे जाऊ नये. शेजारचे बोल्टही ताणलेले असतात. मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने सगळे तपासावेत आणि संशयित बोल्ट बदलावेत. बेअरिंगची झीज पाहण्यासाठी ट्रॅकच्या चौकटीवर डायल गेज बसवून त्याचे टोक वरच्या चौकटीला लावावे. आर्म लांब करून बकेट जमिनीपासून थोडी वर धरून एक वाचन घ्यावे, नंतर बकेट जमिनीवर दाबून ट्रॅकचा पुढचा भाग उचलून दुसरे घ्यावे. दोन्हींतला फरक हीच बेअरिंगची उभी हालचाल. नदीपात्रात वरच्या कॅरिअर रोलरच्या मध्यापेक्षा जास्त पाण्यात यंत्र उतरवले असेल, तर सर्कलच्या ग्रीसच्या हौदात पाणी गेले असे गृहीत धरून खालची प्लेट उघडावी, दुधाळ ग्रीस काढून टाकावे आणि नवे भरावे.

दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर

सकाळी सेल्फ रखडतो आणि दिवसभर स्विंगही मधेच अडतो, अशी जोडतक्रार आली, तर सेल्फ आणि स्विंग मोटर दोन्ही बाजूला ठेवून आधी तीन ठिकाणे पाहावीत. पहिले, लॉक लिव्हरचा स्विच आणि त्याची वायर. एकाच लिव्हरवर सेल्फचा आदेश आणि पायलट तेल दोन्ही अवलंबून असतात. दुसरे, बॅटरी रिले आणि मुख्य अर्थिंग. तिथल्या सैल जोडामुळे सेल्फला प्रवाह कमी पडतो आणि यंत्र हिसके खाताना ब्रेकच्या सोलेनॉइडचे व्होल्टेज क्षणभर तुटते, त्यामुळे ब्रेक मधेच लागतो. तिसरे, अल्टरनेटर; चार्जिंग नसेल, तर दुपारपर्यंत व्होल्टेज इतके उतरते की सोलेनॉइड पूर्ण ओढला जात नाही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे चौथे ठिकाण म्हणायला हरकत नाही, विशेषतः यंत्र पावसाळाभर शेडमध्ये उभे असेल तर.

स्विंग मोटर आतून तुटून बदलावी लागली असेल, तर काम मोटर बसवून संपत नाही. तुटलेले कण केस ड्रेनमधून आणि परतीच्या लाइनमधून टाकीत गेलेले असतात. टाकी रिकामी करून धुवावी, सक्शनची जाळी साफ करावी, रिटर्न आणि पायलट फिल्टर बदलावेत आणि जुना फिल्टर कापून आत काय सापडते ते पाहावे. नवी मोटर सुरू करण्याआधी तिच्या आवरणात स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल काठोकाठ भरावे. कोरडी फिरवलेली मोटर पहिल्या काही मिनिटांतच खराब होते. मग इंजिन कमी वेगावर ठेवून, बकेट रिकामी ठेवून, दोन्ही दिशांना हळूहळू काही फेऱ्या घ्याव्यात, हवा निघून जाऊ द्यावी, टाकीची पातळी पुन्हा पाहावी, आणि त्यानंतरच तीन फेऱ्यांचा वेळ पुन्हा मोजून आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी लिहावा.